‘तो सूर्य उगवला’ हे का खटकते? उपपदाविना मराठीतील निश्चितता

ओसरी:
नमस्कार. मी एका जर्मन विद्यार्थिनीला मराठी शिकवते. परवा तिने वहीत लिहिले, ‘तो सूर्य उगवला. ती आई चहा करते.’ जर्मनमध्ये अशा नामांआधी निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) येते, म्हणून तिने त्या जागी ‘तो’, ‘ती’ बसवले. मी ते खोडले. पण मराठीत उपपदेच नसताना, बोलणाऱ्याच्या मनात ठरावीक वस्तू आहे की कोणतीही, हे ऐकणाऱ्याला कशावरून कळते, या तिच्या प्रश्नाला मी ‘संदर्भावरून’ एवढेच उत्तर देऊ शकले आणि ते मलाच अपुरे वाटले.

पायवाट:
पहिले साधन शब्दक्रमाचे. ‘अंगणात गाय आली आहे’ हे ऐकले की कुणाची तरी गाय शिरली असे समजून आपण काठी शोधतो. ‘गाय अंगणात आली आहे’ म्हटले की आपलीच गाय चरून परतली, हे घरात सर्वांना कळते. दुसरे साधन ‘एक’. ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.’ ओळख करून देण्यापुरते ‘एक’ लागते, पुढे नुसता ‘राजा’ पुरतो. ‘तो’ मात्र बोट दाखवणारा शब्द आहे. सूर्य एकच असल्याने तो निवडून दाखवावा लागत नाही, आणि दाखवलाच तर दुसराही एखादा सूर्य असावा असे वाटू लागते.

शेवंती:
यात ‘ला’ प्रत्ययाची भर घालते. ‘मी डॉक्टर शोधत आहे’ म्हणजे कोणीही चालतील; ‘मी डॉक्टरांना शोधत आहे’ म्हणजे ठरावीक डॉक्टर. तेव्हा ‘ला’, ‘ना’ हेच आपले निश्चित उपपद मानावे.

पायवाट:
शेवंतीताई, येथे माझे मत वेगळे आहे. ‘कार्यालय एक लेखनिक शोधत आहे’ आणि ‘पोलीस एका लेखनिकाला शोधत आहेत’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात माणूस अजून ठरलेलाच नाही. दुसऱ्यात तो पोलिसांना ठाऊक आहे, वाचकाला नाही. म्हणूनच ‘एका’ आणि ‘ला’ एकत्र येऊ शकतात. म्हणजे ‘ला’ विशिष्टता दाखवतो; निश्चिततेसाठी ऐकणाऱ्यालाही ओळख पटावी लागते. शिवाय हा भेद मुख्यतः सजीवांपुरता आहे. ‘पुस्तक वाचून झाले का?’ यात पुस्तक ठरावीक असूनही प्रत्यय येत नाही. हिंदीत ‘किताब को मेज़ पर रखो’ चालते, मराठीत ‘पुस्तकाला टेबलावर ठेव’ कानाला खटकते.

ओसरी:
दोघांचेही मनापासून आभार. लेखनिकाची दोन्ही वाक्ये पुढच्या तासाला फळ्यावर लिहीन, आणि वहीत खोडलेल्या ‘ती आई’च्या शेजारी कारणही लिहून देईन: घरात आई एकच आहे.