शब्दचर्चा : 'दारूचा गैरवापर' म्हणजे दारूचं नक्की काय केलं?

मूळ प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या एका अभ्यासाची प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं आहे. मानसिक आरोग्य, मद्यपान आणि चालू उपचारांमुळे होणारा त्रास असे तीन विषय तिच्यात एकत्र आहेत. आधीच्या मसुद्यात 'अल्कोहोल मिसयूज'साठी 'दारूचा गैरवापर' असं केलेलं आहे आणि मी दर वेळी तिथेच अडखळते. सत्तेचा गैरवापर होतो, पदाचा होतो, ओळखीचा होतो. म्हणजे त्या गोष्टीचा एक रास्त वापर आधी ठरलेला असतो. दारूचा रास्त वापर कोणता धरायचा? 'व्यसन' म्हणावं तर ते फार पुढचं होतं, कारण अभ्यासात अजून व्यसनापर्यंत न पोचलेली माणसंही आहेत. साइड इफेक्ट, विथड्रॉवल (दारू सोडल्यावर होतं ते), सिव्हिअर आणि सीरियस हे शब्दही अडलेत. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

'अतिमद्यपान' लिहा आणि मोकळ्या व्हा.

मूळ प्रश्नकर्ती

'अति' कितीच्या पुढे? तेच तर मोजायला निघालोय!

प्रतिसाद

ताई, तुमची अडचण मराठीची कमी आणि मूळ शब्दाची जास्त आहे. 'मिसयूज' ही एक मोठी छत्री आहे, तिच्याखाली तीन वेगळी माणसं उभी आहेत. पहिल्याचं पिणं जोखमीचं आहे, पण अजून काही बिघडलेलं नाही. दुसऱ्याला अपाय झालेला आहे, यकृताला म्हणा किंवा मनाला. तिसऱ्याला आता दारूवाचून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, ती या तिघांना वेगळं काढते. पहिले ३ प्रश्न किती आणि कितीदा पिता याचे, पुढचे ३ अवलंबित्वाचे, शेवटचे ४ अपायाचे. गुण ० ते ४०, आणि ८ किंवा जास्त झाले की लक्ष द्यायचं.

आता मराठीत पाहा. पहिल्याला 'धोकादायक' आणि दुसऱ्याला 'हानिकारक' म्हटलं तर वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. 'हानिकारक' म्हणजे हानी करू शकणारं, की केलेलं? '-कारक' प्रत्यय ते सांगत नाही. म्हणून मी सरळ 'जोखमीचं मद्यपान' आणि 'अपाय झालेलं मद्यपान' असं लिहितो. दिसायला ओबडधोबड, पण झालेलं आणि होऊ शकणारं यांतला फरक क्रियापदानेच कळतो.

'व्यसन'बद्दल थोडं विषयांतर. अमरकोशात या शब्दाचे अर्थ विपत्ती, भ्रंश आणि काम-क्रोधातून उपजणारा दोष असे दिले आहेत. विपत्ती हा अर्थ मराठीतून जवळजवळ गेला, दोष तेवढा उरला. त्यामुळे 'व्यसनी' म्हटलं की माणसावर काय ओढवलं हे मागे पडतं आणि त्याचं काय चुकलं हेच पुढे येतं. 'तळीराम' तर गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या पात्राचं नाव, त्याचं सामान्यनाम झालं. वैद्यकातही असंच घडलं होतं. 'अल्कोहोलिझम'ला जन्म देणारा शब्द मॅग्नस हुस या स्वीडिश डॉक्टरांनी १८४९ मध्ये रोगाचं नाव म्हणून वापरला, आणि त्यातून पुढे माणसाला चिकटणारी शिवी तयार झाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये 'अब्यूज' (हाही गैरवापरच) आणि 'डिपेंडन्स' (अवलंबित्व) ही दोन वेगळी निदानं होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत दोन्ही काढून एकच 'मद्यवापर विकार' ठेवला : ११ निकषांपैकी वर्षभरात २ किंवा ३ जुळले तर सौम्य, ४ किंवा ५ जुळले तर मध्यम, ६ किंवा जास्त जुळले तर तीव्र. ज्या शब्दाचं मराठी करायला आपण बसलोय त्याच्या सख्ख्या भावाला, 'अब्यूज'ला, त्यांनी स्वतःच अडगळीत टाकलंय!

प्रतिसाद

आणि कृपा करून प्रश्नावलीत 'तुम्ही मद्यपी आहात का' असलं काही विचारू नका. त्याला 'हो' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. 'एकदा सुरुवात केल्यावर थांबता आलं नाही, असं गेल्या वर्षभरात किती वेळा झालं?' असं विचारलं की लोक बोटांवर मोजून उत्तर देतात.

शिवाय 'ड्रिंक'चं 'पेला' करू नका. पेल्याला माप नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ब्रिटनचं युनिट ८ ग्रॅमचं, अमेरिकेचं ड्रिंक १४ ग्रॅमचं. ५ टक्के अल्कोहोलची ३३० मिलिलिटर बिअर घ्या : १६.५ मिलिलिटर अल्कोहोल, वजन साधारण १३ ग्रॅम. पिणारा म्हणेल एक, संघटनेच्या मापाने सव्वापेक्षा जास्त. 'प्रमाणित माप' लिहा आणि शेजारी चित्र द्या.

प्रतिसाद

मी औषधांच्या चाचण्यांत रुग्णांच्या नोंदी ठेवायचं काम केलंय, म्हणून 'साइड इफेक्ट'वर बोलते. 'दुष्परिणाम' हा शब्द एका दमात दोन निकाल देतो. झालं ते वाईट, हा एक. आणि ते औषधामुळेच झालं, हा दुसरा. चाचणीत सुरुवातीला यातला दुसरा निकाल आपल्या हातात नसतो. नैराश्यावरचं औषध घेणारा माणूस जिन्यावरून पडला तरी ती नोंद होते. त्याला 'प्रतिकूल घटना' म्हणतात. औषधाने चक्कर आली म्हणून पडला की जिन्यावर पाणी सांडलं होतं, ते मागाहून तपासायचं. औषधाशी संबंध आहे असं दिसलं तर ती 'प्रतिकूल प्रतिक्रिया'. मी 'दुष्परिणाम' तिथे, शेवटी वापरते.

आणि साइड इफेक्ट दर वेळी 'दु:' असतोच असं नाही. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि आज ते टकलावर चोळतात. डायसल्फिरामचं तर सगळंच उलटं आहे. कोपनहेगनमधल्या संशोधकांनी १९४८ मध्ये ते दारू सोडवण्यासाठी पुढे आणलं. ते घेऊन दारू प्यायली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं, तोंड लालबुंद होतं, मळमळतं, छाती धडधडते. हा त्रास म्हणजेच उपचार! त्याला दुष्परिणाम कसं म्हणणार?

प्रतिसाद

हे सगळं मान्य, पण 'प्रतिकूल घटना' म्हटल्यावर समोरचा माणूस बघतच राहील. 'दुष्परिणाम' कुणालाही कळतो. शब्दकोशाचं सोवळं किती पाळायचं?

प्रतिसाद (नोंदी ठेवणारी)

प्रश्नावलीत दोन्ही नकोत. 'औषध सुरू केल्यापासून काही नवा त्रास झाला का, किंवा आधीचा वाढला का?' एवढंच विचारा. 'वाढला का' मुद्दाम घातलंय. झोप न लागणं, भूक मरणं ही नैराश्याचीही लक्षणं आहेत आणि काही औषधांचे परिणामही. आधी किती होतं ते विचारलं नाही तर सगळं खापर गोळीवर फुटतं. आणि 'दुष्परिणाम कोणते झाले?' असं विचारलं की माणूस आठवून आठवून चार सांगतो, साध्या साखरेच्या गोळीचेही सांगतो. त्या प्रकाराला १९६१ पासून 'नोसिबो' असं नाव आहे.

'सिव्हिअर' आणि 'सीरियस' यांना कृपया दोन्हीकडे 'गंभीर' करू नका. यावरून मी एकदा अख्खा तक्ता परत केलाय. तीव्र म्हणजे जोर किती. गंभीर म्हणजे निष्पन्न काय झालं : मृत्यू, जिवावर बेतणं, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा तिथला मुक्काम लांबणं, कायमचं अपंगत्व, बाळात जन्मतः दोष. डोकं फुटेल असं दुखलं पण गोळीने थांबलं, तर ते तीव्र, गंभीर नाही. आकडीचा झटका हलकाच होता पण त्यापायी भरती व्हावं लागलं, तर ते सौम्य आणि तरीही गंभीर. आपल्याकडे दोन शब्द तयार आहेत, फक्त अदलाबदल नको.

प्रतिसाद

माहितीपत्रकातला 'सामान्य दुष्परिणाम' हाही एक नमुना. मूळचा 'कॉमन', पण मराठीत 'सामान्य' वाचलं की वाटतं किरकोळ असेल, चालायचंच. युरोपीय नियमांत त्याचा अर्थ १०० पैकी १ ते १० जणांना होणारा, एवढाच आहे. सरळ आकडा लिहावा.

प्रतिसाद

'सवय' राहिलाच की! मला नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा घरातून पहिलं वाक्य आलं ते 'बघ हं, सवय लागेल'. पुढे मी मनाने त्या एकदम बंद केल्या. तीन दिवस चक्कर आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. घरचे म्हणाले, पाहिलंस, लागली सवय! डॉक्टरांनी समजावलं की शरीर औषधाला सरावलं होतं, म्हणून ते हळूहळू कमी करायचं असतं. पण मला त्या गोळ्यांची तलफ कधी आली नाही, डोस वाढवावासा वाटला नाही. दारूत ही तलफ असते. मराठीत सराव, अवलंबित्व आणि व्यसन, तिन्हींना आपण 'सवय' म्हणतो आणि लोक औषध घ्यायलाच घाबरतात.

प्रतिसाद

अगदी. याच्या उलट 'त्याला दारू पचते' हे कौतुकाने म्हणतात! पूर्वी दोनात चढायची, आता चारातही काही होत नाही, हे पचणं नाही, अवलंबित्वाचं एक लक्षण आहे. इंग्रजीत याला 'टॉलरन्स' म्हणतात, त्याचं भाषांतर 'सहनशीलता' केलेलं पाहिलंय. सद्गुणच वाटतो तो. 'चढायला जास्त लागणं' म्हणा.

प्रतिसाद

एक व्याकरणाचं. मसुद्यात 'गेले दोन आठवडे उदास वाटलं का?' असं असेल तर बदला. 'गेले दोन आठवडे' म्हणजे सलग. 'गेल्या दोन आठवड्यांत' म्हणजे त्या काळात कधीतरी. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत, पीएचक्यू-९ मध्ये, किती दिवस वाटलं ते पुढे विचारायचंच असतं, मग सुरुवातीलाच सलगची अट कशाला? आणि नुसतं 'निराश' विचारून थांबू नका. 'निराश नाही हो, पण कशात मनच लागत नाही' म्हणणाराही त्याच चाचणीत बसतो, त्याचा प्रश्न पहिलाच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'गैरवापर' काढला. शीर्षक 'जोखमीचं मद्यपान आणि त्यातून झालेले अपाय' असं केलंय, लांब आहे पण असू दे. तीव्र-गंभीरचा तक्ता आज पुन्हा तपासला, सात ठिकाणी चूक सापडली. राहिला 'विथड्रॉवल'. मसुद्यात 'माघार-लक्षणे' आहे.

प्रतिसाद

माघार उमेदवारी अर्जाची असते! 'दारू थांबवल्यावर होणारा त्रास' लिहा. आणि 'किती वेळाने सुरू झाला' असा रकाना ठेवाच. हात कापणं, घाम येणं हे ६ ते २४ तासांत सुरू होतं, आकडीचे झटके बहुधा ४८ तासांच्या आत, आणि भ्रम होणं, माणूस न ओळखणं हे दोन-तीन दिवसांनी. तिसऱ्या दिवशी बडबडायला लागलेल्या माणसाला घरचे म्हणतात 'दारू सोडली आणि वेड लागलं', आणि नोंद जाते मानसिक आजाराच्या रकान्यात.

मूळ प्रश्नकर्ती

हा रकाना मसुद्यात नाहीच. घालते.