आईचा गुडघा बदलायचाय, तीन आठवडे हातात आहेत. घरी काय काय करून ठेवू?

लेक_एकटीच:

नमस्कार मंडळी, आईचं (वय ६९) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट ठरलंय, आजपासून बरोबर तीन आठवड्यांनी. डावा पण गेलेलाच आहे पण डॉक्टर म्हणाले आधी एक करू, तो मार्गी लागला की दुसऱ्याचं बघू. ऑपरेशनची मला एवढी भीती नाही वाटत, ते त्यांचं रोजचं काम आहे, धास्ती आहे ती घरी आल्यानंतरची. घरात आम्ही दोघीच, मला सुट्टी फार तर दोन आठवडे मिळेल, त्यानंतर दिवसा ती एकटी. हॉस्पिटलने एक कागद दिलाय त्यात "घर सुरक्षित करून घ्यावे" असं एका ओळीत लिहिलंय, म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगेल का? आईला शुगर आहे आणि रक्त पातळ व्हायची गोळी पण चालू आहे.

आणखी एक, ओळखीच्या कुणाचातरी गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो हे आईने कुठूनतरी ऐकलंय, तेव्हापासून ११० हा आकडा तिच्या डोक्यात बसलाय. जो भेटेल त्याला विचारते, माझा होईल ना ११०?

दोन्ही_नवे:

मी ७१ वर्षांचा, दोन्ही गुडघे झालेत, मधे दोन वर्षांचं अंतर. पहिल्याच्या वेळी काहीच तयारी केली नव्हती, दुसऱ्याच्या वेळी शहाणा झालो होतो, त्यामुळे फरक चांगला माहितीय.

सगळ्यात आधी वॉकर आत्ताच घरी आणा. मी डिस्चार्जच्या दिवशी नवाकोरा वॉकर घेऊन आलो आणि रात्री दोन वाजता लघवीला गेलो तर तो बाथरूमच्या दारातून आतच जाईना, चार बोटांनी अडत होता. एका पायावर उभा, बायको झोपेत, वॉकर दारात फसलेला, त्या रात्री जे झालं ते वैऱ्यावर येऊ नये. शेवटी वॉकर आडवा करून एक एक पाऊल बाजूने टाकत आत गेलो. तेव्हा टेप घ्या, दारं मोजा, आणि आईला आत्ताच वॉकर धरून बेड ते बाथरूम चालायला लावा, अंधारात पण एकदा. पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी, सगळं उचला. त्या रस्त्यात रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लावा.

कमोडची सीट उंच करणारी रिंग मिळते ती घ्या आणि शेजारी धरायला दांडी भिंतीत ठोकून घ्या, टॉवेलचा रॉड धरून उठायला जाल तर रॉड हातात येतो. खुर्ची हातांची, कडक, आणि बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा वर जाणार नाही एवढी उंच, चाकांची अजिबात नको. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबून उठायचं, वॉकर ओढून नाही, वॉकर उलटतो. सपाता बंद, मागून टाच धरून ठेवणारी चप्पल किंवा बूट. आणि वॉकरला एक कापडी पिशवी बांधा. हे फालतू वाटेल पण दोन्ही हात वॉकरवर असताना पाण्याची बाटली, मोबाईल, चष्मा न्यायचा कसा? तुम्ही ऑफिसात असताना हीच पिशवी तिच्या कामी येणार.

वाचतेय_फक्त:

मधेच विचारते, माफ करा. बाबांचं पण पुढच्या महिन्यात आहे आणि आमच्याकडे जिना आहे. खालीच बेड लावावा का?

दोन्ही_नवे:

पहिले पंधरा दिवस खाली सोय होत असेल तर लावाच. जिना येतो लवकर, हॉस्पिटलमधनं सोडायच्या आधीच चार पायऱ्या करून घेतात, पण दिवसातनं दहादा वरखाली करायची ती वेळ नसते. लक्षात ठेवायला सोपं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आणि एक हात कठड्यावर हवाच.

फिजिओ_ताई:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं सगळं बरोबर आहे, मी त्या ११० वर बोलते कारण हा आकडा ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आधी एक समजून घ्या, गुडघा बदलतात म्हणजे अख्खा सांधा काढून दुसरा ठेवत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या टोकांवरनं झिजलेला थर कापून काढतात, साधारण ८ ते १० मिलीमीटर, आणि त्यावर धातूच्या टोप्या बसवतात, मधे सरकायला प्लास्टिकचा तुकडा. दाताला कॅप घालतात तसाच प्रकार. भोवतालचे स्नायू मात्र आईचे जुनेच राहतात, वर्षानुवर्षं दुखण्यामुळे न वापरलेले. म्हणून नवा गुडघा कसा चालेल ते बरंचसं मांडीच्या पुढच्या स्नायूवर आहे, आणि त्याची मेहनत आजपासून सुरू करता येते. पाय लांब करून गुडघा खाली गादीत दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच गादीवरनं घासत जवळ आणायची. दिवसातनं तीनदा, दोन्ही पायांचं. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी हेच करायचं असतं, तेव्हा दुखत असताना नवीन शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं.

आता वाकण्याचं. सपाट चालताना गुडघा ६० ते ७० अंशच वाकतो. जिना उतरायला ९० च्या आसपास, खुर्चीतनं उठायला त्याहून जरा जास्त. दोन आठवड्यांत ९० आलं तर मी खूश असते, पुढचं हळूहळू महिन्यांत येतं, आणि किती येणार ते ऑपरेशनच्या आधी किती वाकत होता त्यावर पण खूप अवलंबून असतं. त्यामुळे दुसऱ्याच्या ११० शी तुलना करण्यात अर्थ नाही. उकिडवं बसायचं मात्र मनातनं काढून टाका.

आणि जे कोणीच विचारत नाही ते म्हणजे सरळ होणं! गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर प्रत्येक पावलाला लंगडणं राहतं, मांडी लवकर थकते, कंबर धरते. पेशंट घरी येतो, गुडघ्याखाली मऊ उशी घेतो, कारण वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं, आणि तसाच झोपून राहतो. तीन आठवड्यांनी माझ्याकडे येतो तेव्हा पाय सरळ व्हायला तयार नसतो. उशी गुडघ्याखाली नाही घ्यायची, टाचेखाली घ्यायची, टॉवेलची गुंडाळी चालेल, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपोआप खाली जातो. मी पेशंटच्या गुडघ्याखाली माझा तळहात सरकवते आणि सांगते, चिरडा माझा हात. पहिल्या दिवशी हात आरामात आतबाहेर होतो. ज्या दिवशी बोटं अडकतात त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटते. घरी तुम्ही रोज हेच करून बघा, त्याला कोन मोजायचं यंत्र लागत नाही.

रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे सर्जन आणि ज्यांनी ती दिलीय ते डॉक्टर यांनाच विचारा, आणि तारीख लिहून घ्या. शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट, एचबीएवनसी, आत्ताच करून घ्या, ती वाढलेली असेल तर जखम भरायला त्रास आणि इन्फेक्शनचा धोका जास्त, सर्जन तारीख पुढे ढकलू शकतात. दाताचं काही पेंडिंग असेल तर ते पण आधी उरका. पायाला साधं खरचटलं, नखाच्या कडेला पू झाला, तरी लपवू नका.

नवऱ्याचा_गुडघा:

सगळे चांगलं चांगलं सांगतायत म्हणून मी जरा दुसरी बाजू सांगते. आमच्या ह्यांचं दीड वर्षापूर्वी झालं. पहिल्या दिवशी हे इतके खूश, दुखतच नाही म्हणाले, फोनवर सगळ्यांना सांगितलं, उभे राहिले, चालले. दुसऱ्या दिवशी रात्री अक्षरशः ओरडायला लागले. नंतर कळलं की मांडीत दिलेली भुलीची सुई उतरली होती. पहिला दिवस उसना असतो हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही, विचारलं तर नर्स म्हणाली, सगळ्यांनाच होतं. सांगितलं असतं तर घाबरलो तरी नसतो.

मग घरी आल्यावर ह्यांनी हट्ट धरला की गोळ्या कमी खायच्या, सवय लागेल. दुखतं म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून गुडघा आखडला, सात आठवड्यांनी ७० च्या पुढे जाईना. शेवटी परत भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागला, कापाकापी नाही पण पुन्हा ॲडमिट, पुन्हा तेच सगळं पहिल्यापासनं. आता ठीक आहेत, १०० पर्यंत येतो. म्हणून सांगते, पहिले दोन तीन आठवडे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घड्याळ लावून द्या, दुखायची वाट बघू नका, आणि व्यायामाच्या अर्धा पाऊण तास आधी एक येईल असं जुळवा. त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचं औषध पण आधीच मागून ठेवा, आम्ही पाच दिवस लाजत बसलो.

आणि तिसऱ्या आठवड्यात आई म्हणेल, माझा जुनाच गुडघा बरा होता. म्हणेलच. हे तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रात्री झोप नाही, पाय कसाही ठेवला तरी चैन नाही, त्याने माणूस खचतो. वाद घालू नका, बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा वीस मिनिटं ठेवा आणि शेजारी बसा.

लेक_एकटीच:

तुमच्या सगळ्यांचे किती आभार मानू. दार मोजलं, वॉकर जाईल, पण बाथरूमचा उंबरा आहे त्याचं काहीतरी करावं लागेल. उशीचं वाचून मी हादरलेच कारण मी गुडघ्याखाली घ्यायला मुद्दाम दोन मऊ उशा घेऊन ठेवल्या होत्या :) एक विचारायचंय, मी ऑफिसात असताना काय झालं तर घाबरायचं आणि काय झालं तर नाही, हे आईला कसं सांगू?

दोन्ही_नवे:

न घाबरायचं बरंच आहे. घरी आल्यावर चालणं वाढतं तशी सूज उलट वाढते, संध्याकाळी जास्त. निळंजांभळं डोळ्यांदेखत घोट्यापर्यंत उतरतं, मला वाटलं पाय सडला, पण ते वरचं रक्त खाली येतं इतकंच. गुडघा गरम लागणं काही महिने राहतं. आतनं टकटक आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला कातडी बधीर होते, माझी अजून आहे.

फिजिओ_ताई:

आणि हे फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. पोटरी दुखून कडक झाली किंवा एकदम सुजली, जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला, लाली पसरत चालली, थंडी वाजून ताप आला, किंवा पडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी, पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं देतील ती बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायची नाहीत, आणि जागेपणी दर तासाला घोटे वरखाली हलवायचे.

लेक_एकटीच:

अपडेट द्यायला उशीर झाला. आज ऑपरेशनला पाच आठवडे झाले. स्टेपल्स, म्हणजे जखमेवरच्या धातूच्या पिना, बाराव्या दिवशी काढल्या. उंबऱ्यावर उतरती फळी बसवून घेतली. पहिला दिवस खरंच उसना निघाला, पण माहिती होतं म्हणून आई दुसऱ्या रात्री मलाच म्हणाली, अगं ती सुई उतरली असेल. जुना गुडघा बरा होता हे तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबलं नाही, नवव्या दिवशीच म्हणाली.

काल फिजिओने मोजलं, ९८. मला वाटलं आई हिरमुसेल. पण घरी आल्यावर तिने पाय लांब केला आणि म्हणाली, घाल हात. चिमटली गं बोटं.

आता वॉकर सोडून काठी घ्यायला सांगितलीय. ती उजव्या हातातच धरते, म्हणते दुखऱ्या पायाला आधार त्याच बाजूने नको का?

फिजिओ_ताई:

नको. गुडघा उजवा तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय पुढे टाकताना काठी त्याच्याबरोबर पुढे. दोन दिवस अवघड जाईल. उंची बघा, हात सरळ खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाशी यायला हवी, आणि खालचं रबर झिजलेलं असेल तर आजच बदला.