२,५०० रुपयांत गळ: पैसा रीलवर घालायचा की रॉडवर?

पाळीवरचा
बजेट २,५०० रुपये. मासा रोहू, मृगळ, सिप्रनस (कॉमन कार्प), म्हणजे सगळे कार्प जातीचे. जागा नागपूरकडचा खिंडसीसारखा मोठा तलाव नाहीतर कन्हान नदीचा काठ. माझं म्हणणं असं की यातला निम्म्याहून जास्त पैसा रीलवर, म्हणजे लाइन (गळाची दोरी) गुंडाळायच्या यंत्रावर घाला: रील १,४००, फायबर ग्लासचा दोन तुकड्यांचा ७ फुटी रॉड ७००, उरलेल्या ४०० मध्ये लाइन, गळ, शिसं.

साधा रॉड म्हणजे एक पोकळ दांडा. रीलमध्ये मात्र गिअर, ड्रॅगच्या (मासा ओढेल तेव्हा लाइन ताणाखाली सोडणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या, बेल (लाइन गुंडाळून घेणारी तारेची कमान) आणि लाइन रोलर असतो, आणि यातलं एक जरी बिघडलं तरी मासा गेला. डब्यावरचे ‘१० बेअरिंग’ वगैरे आकडे वाचू नका. रील दुकानातच हातात घेऊन पाहा. हँडल अगदी हळू फिरवा, खरखर लागली तर परत ठेवा. ड्रॅग अर्धा आवळून लाइन हाताने ओढा. ती एकसारखी सुटायला हवी. आधी अडकून मग झटक्याने सुटत असेल तर मोठ्या माशाच्या पहिल्याच धावेत तुटणार. शेवटी बेलच्या टोकाचा छोटा रोलर बोटाने फिरवा. तो जाम असेल तर लाइन एकाच जागी घासते, अन् पुढे तिथेच चरा पडतो. रीलचा साइज नंबर ३००० किंवा ४०००, त्यापुढे नको.

उलटा_गळ
‘रॉड म्हणजे दांडा’ इथेच तुमचं चुकतंय. ७०० रुपयांच्या रॉडमध्ये पहिल्यांदा जातात ते गाईड, म्हणजे रॉडवरची लाइन ओवायची कडी. आतल्या कड्याला केसाएवढा तडा गेला की डोळ्याला काही दिसत नाही आणि लाइन मात्र दरवेळी कापली जाते. लोक लाइनला नावं ठेवतात, दुसरी आणतात, तीही तुटते. तपासायला कापसाचा बोळा कड्यातून फिरवा. तंतू अडकले तर तडा आहे.

दुसरं म्हणजे गाईडची संख्या. ७ फुटी रॉडला टोकाचं धरून सातच्या आसपास गाईड हवेत. चारच असतील तर रॉड वाकल्यावर मधली लाइन दांड्याला घासते. तिसरी रील सीट, म्हणजे रॉडवर रील बसवायची जागा: प्लॅस्टिकचा आटा ढिला असेल तर तुमची १,४००ची रील तिथे डुगडुगणार. म्हणून मी उलटं सांगतो, रॉडला १,२००, रीलला ९००. रील पुढच्या वर्षी बदलता येते.

रॉडवर ‘१०–३० ग्रॅम’ असं फेकायचं वजन लिहिलेलं असतं, तेही वाचा. त्यावर आमिषाला ढेपेचा ८० ग्रॅमचा गोळा लावून जोरात फेकलात तर मोडलेला रॉड दुकानदार परत घेणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

धांडा_अन्_दोरी
भाऊ, पहिल्या वर्षी तुमी तिलापियाच धरणार ना? मंग रील पाह्यजे कायले? बुरडाकडून १२ फुटांचा जून बांबू आणा, सावलीत वाळू द्या, जवसाचं तेल चोळा. दोरी काठीएवढीच लांब, १० नाहीतर १२ नंबरचा गळ, त्याले गांडूळ, अन् तरंगायले मोरपिसाची दांडी. २०० रुपयांत काम होते.

फक्त दोरी निस्ती शेंड्याले बांधू नका. शेंड्याले एक गाठ मारून तशीच खाली आणा, काठीले वेढे देत जाड भागावर पक्की करा. शेंडा मोडला तरी मासा दोरीलेच राह्यते. बाकीचे २,३०० खिशात ठेवा. लोकं बारीक मासा धरायले तोफ घेऊन राहिले!

पाळीवरचा
@धांडा_अन्_दोरी, तिलापियासाठी तुमचं शंभर टक्के पटलं. पण दोन किलोचा रोहू धावला की बांबूला सोडायला दोरीच नसते. बांबू जेवढा वाकेल तेवढीच माशाला ढील, पुढे गाठ तरी सुटते नाहीतर गळ तरी सरळ होतो.

@उलटा_गळ, गाईडचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. तरी ९००च्या रीलला माझी हरकत कायम. स्वस्त रीलचा गिअर मऊ धातूचा असतो. जड मासा नुसतं हँडल फिरवून ओढला की दात झिजतात, मग रील फिरताना गचके मारते.

उलटा_गळ
मग हँडलने ओढायचंच कशाला? रॉड उचलून मासा जवळ आणायचा आणि रॉड खाली नेताना ढिली पडलेली लाइन गुंडाळायची. अशी वापरली तर ९००ची रीलही टिकते. आणि मासा पायाशी आला की रॉड उभा धरू नका. सगळा ताण शेंड्यावर येतो, बहुतेक रॉड तिथेच मोडतात.

शिसं_१०_ग्रॅम
दोघंही ज्या ४०० रुपयांवर घाईघाईने पुढे गेलात, खरी मेख त्यात आहे. तयार सेटमध्ये रीलवर आधीच गुंडाळलेली लाइन येते, ती पहिल्या दिवशी काढून टाका. कडक असते, वेटोळी उसळतात. ०.३० मिमीची साधी नायलॉन घ्या. बुडाशी जुनी लाइन भरा आणि वर १०० ते १२० मीटर नवी. स्पूलच्या (रीलवरच्या लाइनच्या चकरीच्या) काठापासून २ मिमी जागा सोडा. काठोकाठ भरली तर फेकताना एकदम चार वेटोळी सुटून गुंता होतो, फार कमी भरली तर फेक जवळ पडते. हंगाम संपला की तीच लाइन उलटी गुंडाळा, आतला कोरा भाग वर येतो.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की नायलॉन स्वतःच्याच घर्षणाने तापतं आणि तिथेच कमजोर होतं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रील गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने लाइन मरते.

घडीचा टेलिस्कोपिक रॉड कुणी देत असेल तर उघडताना शेंड्याकडून सुरुवात, बंद करताना मुठीकडून. वाळू लागली असेल तर बंद करण्याआधी पुसा, नाहीतर तुकडे एकमेकांत रुततात. माझं मत विचाराल तर २,५००त तो नकोच.

मरळवाला
वरचं सगळं कार्पपुरतं. मरळीला गवतातून ओढून काढावं लागतं, तिथे ०.३० नायलॉन आणि मऊ ग्लास रॉड चालत नाही. जाड विणलेली लाइन आणि ताठ रॉड लागतो. २,५००त ते बसत नाही, नाद सोडा.

धांडा_अन्_दोरी
अन् तोतलाडोह धरणाचं नाव कोणी काढू नका. ते पेंच व्याघ्र प्रकल्पात येते, तिथं मासेमारी बंद आहे. बाकी तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांच्या ठेक्यात राह्यतात. आधी संस्थेले इचारा, मंग गळ टाका.

नवखा_सीताबर्डी
ड्रॅग नेमका किती आवळायचा? सगळे ‘अंदाजाने’ म्हणतात.

शिसं_१०_ग्रॅम
अंदाज नको. लाइनच्या पाकिटावर ताकद लिहिलेली असते, तिच्या पाव ते एक तृतीयांश. ६ किलोची लाइन असेल तर दीड ते दोन किलो. लाइन सगळ्या गाईडमधून काढून रद्दीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंग काट्याला बांधा, रॉड वाकेल इतपत धरा, दुसऱ्याला काटा सावकाश ओढायला सांगा. लाइन सुटायला लागते तो आकडा वाचा. स्पूलवरची लाइन कमी झाली की तोच ड्रॅग जास्त जड लागतो, कारण वेटोळं लहान होतं. मासा लांब गेला की थोडा सैल करा. घरी आल्यावर पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात.

उलटा_गळ
आणि हे सगळं ९००च्या रीलवरही असंच चालतं.

पाळीवरचा
चालेल, ड्रॅग झटके देत नसेल तर. म्हणूनच म्हटलं, दुकानात ओढून पाहा.