मदत हवी आहे: गॅसभट्टीचा निपल तुटून भडका उडाला, भाऊजी भाजले. दुकानदारावर केस होईल का?

वावरवाट (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)
मागच्या महिन्यात वावरात रोडग्यांचा घरचाच कार्यक्रम होता. रोडगे गोवऱ्यांवर, वरण आणि वांग्याची भाजी हाय प्रेशर गॅसभट्टीवर. भट्टी भाऊजींच्या वडिलांनी तालुक्याच्या भांड्याच्या दुकानातून 3,800 रुपयांना घेतलेली. पैसे फोनपेने दिले, पक्कं बिल नाही, कच्ची चिठ्ठी आहे. रेग्युलेटर आणि नळी त्याच दुकानदाराची, क्लिपाही त्यानेच आवळून दिल्या. नळी ज्यावर चढते तो पितळी निपल व्हॉल्व्हच्या बुडातून तुटला, नळी खाली पडली आणि भडका उडाला. भाऊजींचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मांडी भाजली. 11 दिवस भरती होते, हातावर कातडी लावावी लागेल म्हणतात. सिलेंडर घरचा, 14.2 किलोचा. गोवऱ्यांचा विस्तव 15 फुटांवर. भट्टीवर कंपनीचा पत्ता नाही, नुसतं स्टिकर. दुकानदार म्हणतो, भट्टी आणून द्या, नवी देतो. काय करावं?

पळसपान
भट्टी द्यायची नाही. हे आधी, बाकी सगळं नंतर. ती एकदा दुकानात गेली की तुमच्याकडे फक्त जखम उरते, आणि जखम कशाने झाली हे जखम सांगत नाही.

केस ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली. त्यात कलम 82 ते 87 खास सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी आहेत. कलम 84 प्रमाणे बनवण्यात किंवा रचनेत दोष असेल, वापराच्या पुरेशा सूचना नसतील, तर उत्पादक जबाबदार. त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करत बसावं लागत नाही. तुमच्याकडे उत्पादकाचा पत्ताच नाही, तिथे कलम 86 कामी येतं: उत्पादक कोण ते कळत नसेल किंवा त्याला नोटीस पोचवता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार. शिवाय जोडणी करताना, तपासताना योग्य काळजी घेतली नाही हेही त्याच कलमात आहे. क्लिपा त्याने आवळल्या हे तक्रारीत स्वतंत्र परिच्छेदात लिहा.

भट्टी वडिलांनी घेतली, भाजले भाऊजी, याने अडत नाही. घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच. बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापार प्रथा आहे. चिठ्ठी आणि फोनपेची नोंद जोडा.

केस यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात. दुकान कुठेही असो, तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. इथे 3,800 धरले जातात, तुम्ही मागितलेली भरपाई नाही. मुदत 2 वर्षं. नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही, लोक इथेच फसतात. दाखल ई-जागृती पोर्टलवर किंवा प्रत्यक्ष.

बर्नरमिस्त्री
भट्टी ठेवायची कशी ते सांगतो, काहून की बहुतेक पुरावा घरीच खराब होते. निपलचे दोन्ही तुकडे, क्लिप, नळी, रेग्युलेटर, सगळं जसंच्या तसं. काजळी पुसू नका, तेल लावू नका, तुटलेली टोकं एकमेकांवर बसवून पाहू नका. धातूच्या तुटलेल्या तोंडावरूनच कळते की ओतकामात पोकळी होती, पितळ पातळ होतं, की धक्का लागून तुटलं. आधीची चीर बरेचदा काळपट दिसते, ताजी तूट चकाकते. घासलं की तो फरक गेला. दोन्ही तोंडांचे जवळून फोटो बाजूला पट्टी ठेवून काढा. मग सुती कापडात गुंडाळून खोक्यात. सिलेंडर मात्र घरात कोंबून ठेवू नका, एजन्सीला लेखी कळवून पोच घ्या.

नळीवर आयएस 9573 (गॅसच्या रबरी नळीचं भारतीय मानक) छापलंय का पाहा. आयएसआय खुणेखाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे खुणेचा परवाना क्रमांक असते, तो मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. क्रमांक खोटा निघाला तर केसला मोठा आधार.

विस्तवाचं म्हणाल तर दुकानदाराचा वकील तेच धरून बसेल. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते, 15 फुटांवरचा विस्तव तिला पेटवू शकते. पण विस्तवाने निपल तोडला नाही, आणि भट्टीचा स्वतःचा जाळ तर एक हातावर होता.

वावरवाट
धन्यवाद भाऊ. घरगुती सिलेंडरचं काय? ते लपवावं का? आणि पोलिसांनी दवाखान्यात जबाब घेतला, त्यात फक्त "गॅसचा भडका उडून भाजले" एवढंच आहे.

पळसपान
लपवू नका. समोरचा ते काढणारच, आणि मग निपलबद्दलचं खरंही खोटं वाटायला लागतं. कलम 87 मध्ये वस्तूचा गैरवापर किंवा बदल झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. घरगुती सिलेंडर भट्टीला लावला हाच गैरवापर, असं तो म्हणेल. उत्तर असं: दाब सिलेंडर ठरवत नाही, रेग्युलेटर ठरवतो, आणि रेग्युलेटर त्याने भट्टीसोबत विकला. घरगुती रेग्युलेटर 30 मिलिबारचा असतो, त्यावर ही भट्टी चालतच नाही. त्याने घरगुती सिलेंडरवर बसणारा हाय प्रेशर रेग्युलेटर कशासाठी दिला, हे त्यालाच विचारायचं. तरी हा तुमचा कच्चा दुवा आहे, रक्कम कमी होऊ शकते.

जबाबासाठी पुरवणी जबाब लेखी द्या, त्यात निपल आणि दुकान दोन्ही येऊ द्या. भाजल्याच्या केसला दवाखान्यात एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) होते, तिची प्रत घ्या. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम 125 (निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) आणि 287 (आग किंवा ज्वालाग्राही वस्तूबाबत निष्काळजीपणा) बसतं. 15 दिवस तीव्र वेदना असतील किंवा रोजची कामं जमली नसतील तर गंभीर दुखापत, म्हणून डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज. पोलिसांनी भट्टी जप्त केली तर पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सोडू नका.

कापूसबोंड
तेल कंपन्यांचा एलपीजी अपघात विमाही असतो, उपचारासाठी माणशी 2 लाखांपर्यंत. पण भट्टी आणि रेग्युलेटर बाहेरचे, त्यामुळे हरकत येईल. अर्ज द्या, त्यावर विसंबू नका.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातीलाही नाही. आयोगात स्वतःही उभं राहता येतं. तपासणीची मागणी तक्रारीतच करा: आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो, त्याची फी मात्र आधी तुम्हालाच भरावी लागते.

वावरवाट
आज दुकानदाराचा फोन आला, 6,000 देतो, कागदावर सही करा म्हणे. फोन रेकॉर्ड झाला आहे.

पळसपान
कागदावर "पूर्ण व अंतिम, पुढे तक्रार नाही" असं असेल तर सही नको. त्याला पैसे द्यायचेच असतील तर "उपचारापोटी आगाऊ" लिहून घ्या. कातडी लावायची बाकी आहे, हात किती वळेल ते अजून डॉक्टरही सांगू शकत नाहीत, आणि बुडालेली मजुरी तर 6,000 मध्येच संपते. रेकॉर्डिंग ज्या फोनवर आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. आयोगात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकील ते तयार करून देतो.