सगळे ‘पंच’ एकाच घरचे का?

एसटीवाले_आबा (सातारा)
नमस्कार मंडळी. ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. गळ्यात चामडी बॅग, डाव्या हातात तिकिटांची पेटी आणि उजव्या हातात पंच. गर्दीत ओरडून घसा बसायचा, म्हणून तो पंच सीटच्या दांड्यावर टकटक वाजवायचा. पेंगणारा माणूससुद्धा खिशात हात घालायचा.

परवा आठवीतली नात म्हणाली, “आबा, तुमचा तिकिटाचा पंच, बॉक्सिंगचा पंच, पार्टीत मिळतं ते पंच आणि यात्रेतल्या कुस्तीचे पंच, हे सगळं एकच का?” मी ठोकून दिलं, की कुस्तीचे पंच आपले, बाकीचे साहेबाचे. तिला काही ते पटलं नाही. वर तिचा बाप ऑफिसात मशीनवर अंगठा टेकवून “पंच केलं” म्हणतो. अंगठ्याने भोक कुठं पडतं? जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर
आबा, कुस्तीच्या पंचांचं बरोबर आहे. पाच जणांची पंचायत, त्यातले ते पंच.

तुमचं हत्यार मात्र जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. मूळ लॅटिन क्रियापद ‘पुंगेरे’, म्हणजे टोचणे. पॉइंट, पंक्चर, पंक्चुअल ही सगळी त्याचीच पिलावळ. एसटीचं टायर पंक्चर झालं म्हणून गाडी पंक्चुअल राहिली नाही, यात गुन्हेगार आणि फिर्यादी एकाच कुळातले!

बॉक्सिंगचा पंचही याच घरचा. आधी त्याचा अर्थ काठीने ढोसणं असा होता, आणि अमेरिकेत गुरं हाकणाऱ्याला अजून ‘काउपंचर’ म्हणतात. मुठीचा ठोसा नंतरचा. हजेरीचं म्हणाल तर पूर्वी कारखान्यात घड्याळाच्या यंत्रात कार्ड घालावं लागे. कार्ड गेलं, क्रियापद राहिलं. आपण नाही का अजून फोन ‘फिरवतो’?

बार्देशकर
पिण्याच्या पंचाबद्दल आम्हा गोंयकारांना बोलू द्या. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर फिरत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं. त्यात तो लिहितो, की नेरूळला उत्तम अर्राक, म्हणजे गाळलेली दारू, मिळते, तिला ‘नेपा द गोवा’ म्हणतात, आणि इंग्रज लोक तिचं ‘पाँच’ करून पितात. हिंदुस्थानी भाषेत पाँच म्हणजे पाच, कारण जिनसा पाच. (नवी मुंबईचं नेरूळ नव्हे हो, आमचं!) दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला. पंचामृताचा वाया गेलेला भाऊच म्हणा.

शंकासुर
गोष्ट गोड आहे, पण डोळे मिटून गिळू नका. मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेत होता. त्याने असंच एक पेय ‘पालेपुंट्झ’ या नावाने नोंदवलंय. त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर. मोजा, चारच! दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, खलाशांनी त्याचंच पंच केलं असावं, असंही काही अभ्यासक म्हणतात. माझं मत तरीही ‘पाच’कडे झुकतं. फक्त कोर्टात शपथेवर सांगणार नाही.

आणि एक पंच सगळेच विसरलात. नेपल्सच्या नाटकातला चोचीसारख्या नाकाचा विदूषक पुल्चिनेल्ला. त्याची कळसूत्री बाहुली इंग्लंडात आली आणि मिस्टर पंच झाली. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युअल पीप्स या इंग्रजाने ९ मे १६६२ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हा खेळ पाहिल्याचं डायरीत लिहिलंय. हा पंच बायकोपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सोट्याने झोडपतो, म्हणून त्याचं नाव ठोशावरून पडलं असं वाटतं, पण तो निव्वळ योगायोग. ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक १८४१ मध्ये त्याच्याच नावाने निघालं. संस्थापक-संपादकांपैकी एकाचं आडनाव लेमन, तेव्हा लिंबाशिवाय पंच कसलं, अशी कोटी कुणीतरी केली म्हणे. मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ही निघालं, पुढे त्याचंच ‘हिंदी पंच’ झालं.

एसटीवाले_आबा (सातारा)
आभार सगळ्यांचे. म्हणजे मी नातीला अर्धवटच सांगितलं. पार्टीतलं पंच कुस्तीच्या पंचांचा भाऊबंद निघायची शक्यता आहे, आणि माझा पंच मात्र सायकलच्या पंक्चरचा. निवृत्तीच्या दिवशी तो डेपोत जमा करावा लागला, नाहीतर तिला दाखवला असता. गडद तेलकट लोखंड, अंगठ्याच्या जागी झिजून चकचकीत झालेलं.

तिने लगेच घरच्या कोकम सरबताचे जिन्नस मोजले. कोकम, साखर, मीठ, जिरं. पाणी धरलं तर पाच. आता आम्ही दोघं त्याला पंच म्हणतो. सूनबाईंचा विरोध आहे.