मदत हवी आहे: गेवुर्त्सट्रामिनरबरोबर जेवायला काय करू?

रानजाई
उद्या रात्री माणसं जेवायला आहेत आणि गेवुर्त्सट्रामिनरची बाटली उघडायची आहे. मागे हीच वाइन भरपूर लिंबू पिळलेल्या माशाबरोबर दिली, तर अगदी मिळमिळीत आणि मागाहून कडवट लागली. सामान आजच आणायचंय, तेव्हा थेट पदार्थ सांगा.

पाचवा_पेला
कुठली? साल? कोरडी की गोड? शाकाहारी आहेत का कोणी?

रानजाई
फ्रान्समधल्या अल्सासची, २०१९. सगळे सगळं खातात. वास गुलाब-लिचीचा. पदार्थ सांगा ना!

खमंग
डोळे झाकून थाई लाल करी करा. मिरचीचा हात सढळ ठेवा, ही वाइन तिखटासाठीच जन्मलीय.

द्राक्षवेल
खमंग, सपशेल असहमत. या द्राक्षात साखर भरपूर चढते, म्हणून अल्कोहोल सहज १३-१४ टक्क्यांवर जातं, आणि अल्कोहोलने मिरचीची आग आणखी भडकते. तिला मिरची नको, मसाल्याचा सुगंध हवा: आलं, लेमनग्रास, दालचिनी, नारळाचं दूध.
रानजाई, तुमच्या माशाचा घोळ लिंबामुळे झाला. हिच्यात मुळात आंबटपणा कमी. ताटात वाइनपेक्षा जास्त आंबट काही आलं की ती सपाट पडते, आणि द्राक्षाच्या सालीचा जो जरासा कडवटपणा असतो तो उघडा पडतो.

खमंग
वाइनमध्ये गोडी असेल तर आग शमतेही. मी कायम तिखटाबरोबरच पितो, कधी बिघडलं नाही.

द्राक्षवेल
गोडी असेल तर! म्हणूनच पाचवा_पेला विचारताहेत.

रीजलिंग_एके_रीजलिंग
माझं ऐका, ही बाटली ठेवून द्या आणि रीजलिंग ही दुसरी पांढरी वाइन आणा. आंबटपणा खणखणीत असतो, लिंबूवाला मासासुद्धा चालेल.

पाचवा_पेला
अहो, त्यांच्याकडे आहे ती बाटली उघडायचीय.

नवखा_रसिक
अवांतर: ही द्राक्षं गुलाबी असतात असं वाचलं. मग वाइन पांढरी कशी?

द्राक्षवेल
रंग सालीत, रस बिनरंगाचा. साली लगेच वेगळ्या करतात, तरी सोनेरी झाक राहते. मूळचा ट्रामिनर उत्तर इटलीतल्या ट्रामिन गावाच्या नावाचा. त्याच्या गुलाबी सालीच्या प्रकारात बदल होऊन हा जास्त सुगंधी वाण निघाला. आणि लिचीची आठवण उगाच येत नाही. रोझ ऑक्साइड नावाचं एकच सुगंधी द्रव्य दोन्हींत सापडतं.

बूच_आणि_बाटली
बाटली आडवी ठेवलीय ना? उभी ठेवली तर बूच सुकतं.

पाचवा_पेला
रानजाईताई, लेबलवर 'अल्सास'खेरीज बारीक अक्षरात काय आहे? गोडीचा दर्जा छापणं तिथे २०२१च्या पिकापासून सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्यावर तो नसेलही.

रानजाई
खाली 'वांदांज तार्दिव' लिहिलंय. त्याने काय फरक पडतो?

पाचवा_पेला
सगळाच! म्हणजे उशिरा खुडलेली द्राक्षं. वेलीवरच जास्त पिकलेली, हाताने तोडलेली, वरून साखर घालायला बंदी. बहुतेक चांगलीच गोड निघेल. मुख्य जेवणाबरोबर नको, सुरुवातीला कलेजी वाटून केलेल्या मऊ पातेबरोबर द्या किंवा शेवटी चीजबरोबर.

द्राक्षवेल
+१. मग माझं नारळाच्या दुधाचं बाद, ते कोरड्या किंवा किंचित गोड बाटलीसाठी ठेवा. चीज म्हटलं तर मुन्स्टरच. अल्साससारखंच व्होज डोंगरांतलं, नारिंगी सालीचं. वास असा की डबा उघडताच खोलीभर कळतं, पण आतला गर मऊ आणि सौम्य. वर कॅरवेच्या थोड्या जिऱ्यासारख्या बिया टाका. त्या वासापुढे दुसरी कुठलीही पांढरी वाइन दबते, ही उभी राहते.

खमंग
मुन्स्टर सगळ्यांना झेपत नाही. निळ्या बुरशीचं चीज ठेवा, खारट-गोड जमतं.

रानजाई
दोन्ही ठेवते. मग गोडाला पीचचा टार्ट आणि तीच वाइन?

द्राक्षवेल
चालेल, फक्त टार्ट वाइनपेक्षा गोड नको. फळावर साखर कमी घाला, किसलेलं आलं चिमूटभर. चॉकलेट मात्र टाळा.

रीजलिंग_एके_रीजलिंग
गोडाला रीजलिंगचीही वांदांज तार्दिव असते.

रानजाई
किती गार करू?

पाचवा_पेला
१० अंशांच्या आसपास. बर्फासारखी गार केलीत तर गुलाब-लिची काही येणार नाही.