मदत हवी आहे: ७६ व्या वर्षी आईचं लग्न (इस्राएल)

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता इस्राएलमधल्या अश्दोदला. बाबा गेल्यापासून आई इथल्या वृद्धाश्रमात राहते. तिथल्या एका काकांशी तिचं जुळलंय. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशला (शब्बाथच्या प्रार्थनेला) ते तिच्यासाठी शेजारची खुर्ची अडवून ठेवतात, आणि ती त्यांच्या ताटातलं लोणचं मुकाट्याने उचलते, बीपीमुळे!

माझी हरकत नाही. भाऊ धुसफुसतोय, फ्लॅटचा प्रश्न, दुसरं काय.

इथे ज्यूंना सिव्हिल लग्न नाही, रब्बीनेटकडेच (ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेकडे) जावं लागतं. १९६४ पर्यंत तिथे आपल्या लोकांच्या ज्यू असण्यावरच शंका घेत, तेव्हा काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आईला पाठ आहे. म्हणून ती म्हणते, "कागद नको, मेंदी लावा, मलिदा करा, पुरे." शिवाय पुन्हा लग्न केलं की बाबांच्या मागे मिळणारी बितुआह लेऊमीची (इथल्या राष्ट्रीय विमा संस्थेची) पेन्शन जाते.

लग्नाशिवाय एकत्र राहिलं तरी ही पेन्शन थांबते का? ज्याचं घर त्याच्याच मुलांना, असा करार आधी करता येतो ना? आश्रमात दोघांना एक खोली मिळवताना कोणते कागद लागले? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. मराठी समजणारा वकील असेल तर फारच बरं, आईला हिब्रू कागद वाचवत नाहीत.